सहल सावलीपासून आखावी

त्या दिवशी आम्ही सतरंजी पाच वेळा सरकवली. उन्हाळ्यातली शेवटची सुट्टी, घरातली अकरा माणसं. सकाळी दहाला पोचलो तेव्हा एका मोठ्या झाडाखाली इतकी ऐसपैस गार सावली होती की मी दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही. साडेअकराला सतरंजीची कड उन्हात गेली. साडेबाराला जेवण मांडलं तेव्हा अर्धी माणसं उन्हात बसली होती. मग डबे उचला, ताटं उचला, सासूबाईंना हात देऊन उठवा, नुकत्याच झोपलेल्या भाच्याला उचलून घ्या, पुन्हा मांडा. तासाभरानं परत तेच. संध्याकाळी घरी जाताना गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. जागा चांगलीच होती. मी दहाची सावली बघून बसले होते आणि आम्हाला जेवायचं होतं एक वाजता.

त्याला सोळा वर्षं झाली. त्यानंतर दरवर्षी त्या सुट्टीला आम्ही बाहेर जातो आणि आखणी माझ्याकडे असते. या कामासाठी मी एक वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिलेला आहे: यामुळे कुणाला उठावं लागेल? जागा निवडताना, डबा ठरवताना, सामान भरताना मी तोच विचारते. वर्षभर घरात धावणाऱ्या माणसांना एका दिवशी सलग तीन-चार तास निवांत बसता आलं, तर ती सहल झाली असं मी मानते. लहानपणी आमच्या आईला मी सहलीत बसलेलं पाहिल्याचं आठवत नाही. ती वाढत असायची, नाहीतर आवरत असायची. म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

जागा

सूर्य आकाशात तासाला साधारण १५ अंश पुढे सरकतो. तीन तासांत ४५ अंश झाले. तेवढ्या वेळात सावली आपली बाजू बदलते. सकाळी ती झाडाच्या पश्चिमेला पडते आणि दुपार कलली की पूर्वेला. भर माध्यान्ही ती आखडते, तेव्हा पानांचा घेर किती रुंद आणि दाट आहे त्यावरच सगळं असतं. म्हणून अकराला पोचून चारपर्यंत बसायचं असेल तर बुंध्याच्या पूर्वेकडची जागा धरा. पोचताना तिथे थोडं ऊन दिसेल, पण तासाभरात सावली चालत तुमच्याकडे येईल. एकाच झाडापेक्षा चार-पाच झाडांचा जुडगा बरा, एकाची सावली सरली की दुसऱ्याची पुढे येते.

जमलं तर चार-पाच दिवस आधी एकदा जाऊन या, आणि ज्या वेळी जेवायचं आहे त्याच वेळी जा. माझी ही फेरी आता ठरलेली असते. जाता येत नसेल तर फोनवर त्या जागेचा उपग्रहातून घेतलेला नकाशा उघडा, झाडांचा पुंजका शोधा आणि दिशा बघून ठेवा. पूर्व कुठे आहे एवढं कळलं तरी पुष्कळ.

पत्र्याच्या शेडखाली सावली मिळते, गारवा मिळत नाही. तापलेला पत्रा वरून उष्णता फेकत राहतो. झाडाची पानं बाष्प सोडत असतात, त्यामुळे ती तेवढी तापत नाहीत आणि खालची हवाही सुसह्य राहते. झाड नसेलच तर ताडपत्री आणि दोऱ्या न्या. ती डोक्याच्या बरीच वर बांधा, म्हणजे खालून वारा खेळतो. तिची पश्चिमेकडची बाजू मात्र खाली उतरती ठेवा, कारण दुपारनंतर ऊन वरून येत नाही, कडेनं आत शिरतं. ही उतरती बाजू मला दोन उन्हाळे भाजून घेतल्यावर सुचली.

बसण्याआधी वर बघा. वाळलेली जाड फांदी, मधमाश्यांचं पोळं किंवा पक्ष्यांचा मोठा थवा दिसला तर ते झाड सोडा. मग खाली बघा. मुंग्यांची रांग कुठून कुठे चालली आहे ते दोन मिनिटं थांबून न्याहाळलं की पुढचे तीन तास वाचतात. जमिनीवर तळहात दाबून बघा, ओल लागली तर आधी प्लॅस्टिक आणि मग सतरंजी. थोडासा उतार चालतो, पण वाटीतलं पाणी कलंडेल एवढा नको.

स्वच्छतागृह किती लांब आहे हे मी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाच्या पावलांनी मोजते. त्यांना पाच मिनिटांत पोचता आलं पाहिजे. त्याहून लांब असेल तर ती माणसं संकोचानं पाणीच पीत नाहीत, आणि उन्हात ते धोक्याचं आहे. वय वाढतं तशी तहानेची जाणीव कमी होते, त्यात वर संकोच. कितीही सुंदर जागा या एका कारणासाठी मी सोडून दिली आहे आणि देईन.

वेळ

सुट्टीच्या दिवशी सगळं गाव बाहेर पडतं. गर्दीतून सुटायला दोनच वेळा मला खऱ्या वाटतात: सकाळी इतक्या लवकर पोचायचं की न्याहारीच तिथे होईल, किंवा दुपारी चारनंतर जायचं आणि रात्रीचं जेवण लवकर तिथे उरकायचं. मधली वेळ आम्ही वर्षानुवर्षं सवयीनं धरत होतो. सूर्याची अतिनील किरणं साधारण दहा ते चार या वेळात सर्वांत तीव्र असतात. घड्याळ नको असेल तर स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कातडी भाजणारं आहे, लांब असेल तर मुलांना मोकळं खेळायला सोडता येतं. माझ्या सात वर्षांच्या भाचीला हे मोजायला इतकं आवडतं की ती दर अर्ध्या तासानं आम्हाला सगळ्यांना उभं करते. तेवढं उठणं मी चालवून घेते.

वेळ मी शेवटाकडून मोजते. सूर्य किती वाजता मावळतो, त्याच्या आधी पाऊण तास आवराआवर, त्याच्या आधी अर्धा तास काहीच न करता बसण्यासाठी. हा अर्धा तास आखणीत लिहूनच ठेवावा लागतो, नाहीतर कुणीतरी तो हटकून एखाद्या खेळाला किंवा घाईला देऊन टाकतं. मग जेवण, मग पोचणं, मग निघणं. घरातल्या सगळ्यांत सावकाश आवरणाऱ्या माणसाला किती वेळ लागतो ते धरून निघण्याची वेळ ठरवा. आमच्याकडे तो माझा नवरा आहे, त्याला मी अर्धा तास आधीची वेळ सांगत नाही. खरी वेळ सांगते आणि आदल्या रात्री त्याचे बूट दाराशी ठेवते.

कोण काय आणणार

एका वर्षी आमच्याकडे तीन कलिंगडं आली आणि मीठ कुणीच आणलं नाही. तेव्हापासून मी ‘प्रत्येकानं काहीतरी आणा’ असं म्हणत नाही. एका माणसाला एक गोष्ट पूर्ण देते. पाणी दिराकडे, म्हणजे पिण्याचं, हात धुण्याचं, पेले आणि रिकाम्या बाटल्या परत आणणं, सगळं. फळं नणंदेकडे, म्हणजे आणणं, धुणं, कापायची सुरी आणि सालींची पिशवीसुद्धा. मुलांकडे खेळ. माझ्या सोळा वर्षांच्या मुलाकडे बर्फ, आणि त्याइतकं नेकीनं बर्फ सांभाळणारं माणूस मी पाहिलेलं नाही. काम असं अख्खं दिलं की ते माणूस त्याचा विचार करतं, आणि तिथे गेल्यावर ‘ते कुठंय, हे कुठंय’ म्हणून कुणी एका बाईकडे बघत नाही.

सासूबाईंसाठी खुर्ची नेते. पाठ टेकणारी आणि हात असलेली, कारण उठताना हातांवरच भार येतो. जमिनीवर बसणं त्यांना जमत नाही हे त्या कधी बोलल्या नाहीत, फक्त बसल्यावर तासाभरानं ‘निघू या का’ विचारायच्या. खुर्ची आली त्या वर्षी त्यांनी दिवसभरात एकदाही विचारलं नाही.

जेवण

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सहलीतली सर्वांत मोठी चूक माझ्या हातून इथेच झाली.

पहाटे उठून भात शिजवला होता. गरम गरमच मोठ्या डब्यात दाबून भरला, डबा जाड टॉवेलात गुंडाळला आणि गाडीच्या डिकीत ठेवला. जेवायला अडीच वाजले. भात अजून कोमट होता आणि मला त्याचं कौतुक वाटलं होतं. रात्री तिघांना उलट्या सुरू झाल्या, त्यात माझी दहा वर्षांची मुलगी होती. ती रात्र मी विसरलेली नाही.

ते कोमट असणंच घातक असतं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात. अनुकूल उबेत काही जंतूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. एकाचे दोन, दोनाचे चार असं करत दोन तासांत एकाचे ६४ होतात आणि चार तासांत ४,०९६. पहिल्या दोन तासांत फारसं बिघडत नाही आणि पुढच्या दोन तासांत एकदम बिघडतं, ते या हिशेबामुळे. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा साधा नियम आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो एकच तास धरा.

भाताचं आणखी एक आहे. त्यात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. वासही येईलच असं नाही. म्हणून आता मी सहलीला भात नेत नाही. ज्यांना न्यायचाच असेल त्यांनी तो शिजल्यावर पसरट ताटात पटकन निववून, फ्रिजमध्ये पूर्ण गार करून, बर्फावर न्यावा आणि गारच खावा.

बाकी जेवणासाठी माझी कसोटी अशी: एका हातानं खाता यावं, तिथे काही कालवावं, तळावं किंवा वाढावं लागू नये, आणि एकतर ते बर्फावर गार राहावं किंवा मुळात कोरडं असावं. पाव, भाजलेले दाणे, सुकामेवा, न कापलेली फळं, बिस्किटं हे सगळं बिनधास्त. काकडी, गाजर घरून धुऊन न्यावं आणि तिथे खातानाच कापावं, कारण कापलेली फळं-भाज्या लवकर उतरतात आणि पाणी सुटून पाव लिबलिबीत होतो. उकडलेले बटाटे, अंडी, दही, चीज, मांस हे सगळं बर्फाच्या पेटीतलं. मेयोनेजला लोक उगाच दोष देतात. बाजारातलं मेयोनेज आंबट असतं आणि जंतूंना ते मानवत नाही. बिघडतात ती त्यात कालवलेली उकडलेली अंडी आणि बटाटे.

पावाच्या दोन चकत्यांत काही भरणार असाल तर दोन्हींना आतून लोण्याचा पातळ हात द्या. त्यानं ओल पावात शिरत नाही. ओलं सारण वेगळ्या डब्यात नेऊन तिथे भरण्याचा सल्ला बऱ्याचदा मिळतो. मी तो मानत नाही, कारण मग एक माणूस भरत बसतं आणि बाकीचे वाट बघतात. घरीच भरा, प्रत्येकाचा वेगळा डबा करा आणि झाकणावर नाव लिहा. वाढायचं काम संपलं. ज्याला भूक लागेल त्यानं आपला डबा उघडावा. हे सुरू केलं त्या वर्षी मी पहिल्यांदा बाकीच्यांच्या बरोबरीनं जेवले.

चहा मात्र थर्मासमध्ये. त्यात आधी उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवा, ओतून द्या, मग चहा घाला. दूध न घातलेला चहा न्यावा आणि दूध वेगळं, गार.

बर्फाची पेटी

एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलं असतं. नुसत्या गार पाण्याच्या बाटल्या आणि गोठवलेल्या बाटल्या यांत इतका फरक आहे. म्हणून आमच्याकडे पाण्याच्या निम्म्या बाटल्या आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये जातात. बर्फ होताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरू नका. दुपारपर्यंत त्या अन्न गार ठेवतात आणि नंतर त्याच प्यायला होतात. वेगळा बर्फ न्यायचाच असेल तर बारीक खड्यांपेक्षा मोठी लादी जास्त वेळ टिकते.

पेटी आदल्या रात्रीपासून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा, किंवा निघण्याआधी तासभर तिच्यात एक गोठलेली बाटली टाकून ठेवा. तापलेल्या पेटीत भरलेला निम्मा बर्फ पेटीच गार करण्यात जातो. आत जाणारं अन्न आधीच फ्रिजमधलं गार हवं. बर्फ अन्नाच्या खाली तर असावाच, पण वरही असावा, कारण गार हवा खाली उतरते. रिकामी जागा टॉवेलनं भरून काढा.

आणि शक्य असेल तर दोन पेट्या न्या, एक अन्नाची आणि एक पिण्याची. प्यायची पेटी दर पाच मिनिटांनी उघडते, विशेषतः मुलं असली की. अन्नाची एकदाच उघडायला हवी. पेटी गाडीच्या डिकीत नको, जिथे माणसं बसतात तिथे ठेवा. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत दहा मिनिटांत हवा साधारण दहा अंशांनी तापते. हे लिहिलं आहे तर एक सांगूनच ठेवते: झोपलेल्या मुलाला किंवा कुत्र्याला ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही गाडीत ठेवू नका.

बाकी सामान

खेळांबद्दल फार लिहीत नाही. एक चेंडू, एक दोरी आणि पत्ते पुरतात, मुलं बाकीचं शोधतात. सामानात मी विसरल्यावर उठावं लागतं अशाच गोष्टींवर लक्ष ठेवते. तोटीचा पाण्याचा कॅन आणि साबण ही त्यात पहिली. हात पुसायचे ओले कागद असतात, पण तेलकट, मातीचे हात साबणानंच निघतात. कॅन दगडावर ठेवला की मुलं आपापली धुतात. मग सुरी, बाटली उघडायचं साधन, मीठ, दोन फडकी, कचऱ्याच्या तीन पिशव्या, मुलांचे एकेक जोड कपडे, विजेरी, पट्ट्या आणि जंतुनाशक, घरच्यांची रोजची औषधं. औषधांची पिशवी मी हातातच ठेवते. हे सगळं आदल्या संध्याकाळी दाराशी रचून ठेवायचं. सकाळी फक्त बर्फाच्या पेट्या भरायच्या.

पाणी मी माणशी दोन लिटर प्यायला आणि शिवाय धुण्याचं धरते, आणि उरलं तरी हळहळत नाही.

ऊन, पाणी, वीज, माश्या

सनस्क्रीन घरातून निघतानाच लावा, कारण उन्हात जाण्याच्या १५ ते ३० मिनिटं आधी ते लागलेलं हवं. दर दोन तासांनी पुन्हा, आणि पाण्यातून आल्यावर लगेच. कानांच्या पाळ्या, मान आणि पायांचे पंजे सगळे विसरतात. सावलीत बसलात तरी वाळूवरून आणि पाण्यावरून ऊन उलटून अंगावर येतं.

कुणाला गरगरलं, डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पोटऱ्यांत गोळे आले तर त्यांना आडवं करा, पाय थोडे वर, कपडे सैल, अंग ओल्या फडक्यानं पुसा आणि घोटघोट पाणी द्या. जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ असू द्या, चमचा चहाचा. मीठ अंदाजानं वाढवू नका, त्यानं अपाय होतो. पण माणूस असंबद्ध बोलू लागलं, शुद्ध हरपली किंवा अंग चटका लागण्याइतकं तापलं, तर तो उष्माघात असू शकतो. आधी रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा आणि वारा घाला, शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका.

पाण्याजवळ मुलं असतील तर ‘सगळे बघतायत’ यावर विसंबू नका, कारण तेव्हा कुणीच बघत नसतं. आम्ही पाळी लावतो. वीस मिनिटं एकानं, फोन खिशात, गप्पा बंद, नजर मुलांवर, लहानग्यांपासून हातभर अंतरावर. पाळी संपली की पुढच्याच्या हातात एक लाल रुमाल द्यायचा. ज्याच्याकडे रुमाल, जबाबदारी त्याची. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही, गुपचूप खाली जातं. हे एकमेव काम आहे ज्यासाठी मी बसलेल्या माणसाला स्वतःहून उठवते.

उन्हाळा सरताना साचलेल्या, तापलेल्या पाण्यावर कधी हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसतो. ते नील-हरित शैवाल असू शकतं आणि त्यातले काही प्रकार विषारी असतात. अशा पाण्यात मुलांना उतरवू नका, कुत्र्याला पिऊ देऊ नका.

याच दिवसांत दुपारनंतर ढग उंच चढतात. गडगडाट ऐकू आला की वीज तुमच्यापर्यंत पोचण्याच्या टप्प्यात आहे असंच समजा. इतका वेळ ज्या झाडावर आपण खूश होतो तेच झाड आता लगेच सोडायचं. पक्की इमारत किंवा बंद काचांची गाडी गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर पुरती तीस मिनिटं थांबा. ताडपत्रीचा आडोसा विजेपासून वाचवत नाही. सामान तिथेच राहू द्या.

गांधीलमाश्या गोडाच्या मागे असतात, आणि थंड हवेच्या प्रदेशांत उन्हाळ्याच्या शेवटी त्यांची संख्या सर्वांत जास्त असते. सरबताचे पेले झाकणाचे ठेवा. उघड्या कॅनमधून थेट पिऊ नका, आत माशी गेलेली दिसत नाही आणि घशात चावली तर सूज येऊन श्वास कोंडू शकतो. सालींची पिशवी सतरंजीपासून वीस-पंचवीस पावलं लांब टांगा.

विस्तव आणि आवरणं

चूल किंवा शेगडी पेटवायची आमची पद्धत आम्ही सोडली. त्याचं एक कारण म्हणजे कुणाला तरी दिवसभर तिच्यापाशी उभं राहावं लागतं. दुसरं असं की उन्हाळाभर वाळलेलं गवत ठिणगीची वाटच बघत असतं. तुम्ही पेटवणार असाल तर आधी तिथे परवानगी आहे का बघा. विझवताना निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब उरली नाही याची खात्री करा. वाळूत पुरलेले निखारे कित्येक तास आत धगधगत राहतात आणि दुसऱ्या कुणाच्या तरी अनवाणी मुलाचा पाय त्यावर पडतो. गाडीही वाळलेल्या गवतावर उभी करू नका, तिचा तापलेला धुराचा पाइप गवत पेटवू शकतो.

निघण्याआधी सगळ्यांनी मिळून दहा मिनिटं रांगेत चालत जागा विंचरायची. फळांची सालं ‘कुजून जातील’ म्हणून टाकू नयेत, ती बरेच दिवस तशीच पडून राहतात आणि प्राण्यांना माणसांच्या खाण्याची चटक लागते. उरलेलं अन्न मी घरी परत आणत नाही, फक्त जे बर्फ शिल्लक असलेल्या पेटीत गार राहिलं आहे तेवढंच. बाकी कचऱ्यात. अन्न टाकताना जिवावर येतं, पण भाताची ती रात्र आठवते.

घरी आल्यावर मुलांच्या कानामागे, काखेत आणि गुडघ्यांच्या मागे गोचीड चिकटली नाही ना ते बघा. पेटीतलं पाणी झाडांना घाला आणि झाकण उघडं ठेवून ती वाळू द्या, सतरंजी दोरीवर टाका.

मग मी वही उघडते. तारीख, किती वाजता सावली कुठे होती, काय उरलं, काय कमी पडलं. मागच्या वर्षीच्या पानावर आहे: ‘पावणेपाचपर्यंत सावली पुरली. बर्फ उरला. काकडी कमी. मिठाची डबी दिराकडे द्यावी. सासूबाई खुर्चीतच झोपल्या, उठवलं नाही, म्हणून निघायला चाळीस मिनिटं उशीर.’

या वर्षीच्या आखणीत मी ती चाळीस मिनिटं आधीच धरली आहेत.